फुगडीचा गुडघा

"सरपंच! सरपंच कोण आहे?"

मी खिडकीतून ओरडले आणि बाकावरची सगळी माणसं सावरून बसली. उल्हासनगरच्या आमच्या लॅबमध्ये व्यापारी येतात, शिक्षिका येतात, नव्या सुना सासूला घेऊन येतात. सरपंच मात्र रांगेत उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं... नाव सरपंच, वय तीन वर्षं, लिंग नर. माझं डोकंच सरकलं. सकाळी सातपासून "उपाशीपोटी आलात ना?" हा एकच प्रश्न विचारून माझा घसा बसला होता, आणि वर कोणीतरी मस्करी करत होतं.

"मी आहे... म्हणजे मी नाही." एक उंच, जरासा वाकून चालणारा मुलगा पुढे आला. हातात बर्फाची छोटी पिशवी. "कुत्रा आहे माझा. पॉमेरेनियन. रक्त डॉक्टर मॅडमनी काढून दिलंय. ब्रुसेलाची टेस्ट. तुमच्याकडून पुण्याला जाते ना?"

जायची खरी. आठवड्यातून दोनदा प्राण्यांची सॅम्पलं आमच्याकडून पुढे जायची, पण ती एखादा कंपाउंडर मुकाट आणून टाकायचा. मालक स्वतः बाळासारखी नळी छातीशी धरून आलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय झालंय सरपंचांना?"

"काही नाही. मेटिंगच्या आधी करावी लागते. नराची पण, मादीची पण. नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला, आणि पिल्लं पोटातच जातात."

"माझ्याकडे पण पॉम आहे," मी बोलून गेले. "मादी. पावणेतीन वर्षांची."

त्याने मान वर केली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. तपकिरी, शांत डोळे. रांगेतल्या मावशींनी "चलो ना बेटा, मेरा शुगर है" म्हटलं तेव्हा कुठे मी पेन उचललं.

"रिपोर्ट आहेत तिचे?" त्याने विचारलं.

"तिचे कसले रिपोर्ट? ठणठणीत आहे ती. दिवसभर स्वतःभोवती गरगर फिरते. म्हणून तर नाव फुगडी."

"ठणठणीत दिसतात सगळेच. गुडघे, हृदय, डोळे, रक्त... चारही बघायला लागतात. मग पुढचं."

"मुलगी बघायला येताय की काय? कांदेपोहे पण करू का?"

"मला चालतील," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "सरपंचाला कांदा चालत नाही. कुत्र्यांना बाधतो."

मी हसले. मग तोही हसला, आणि हसताना त्याचा एक दात जरासा पुढे आला. पावतीवर मी त्याचं नाव लिहिलं, राजरत्न. पत्ता, बेलवली, बदलापूर पश्चिम. मोबाईल नंबर तर लॅबच्या नियमानेच घ्यावा लागतो. मी नियम फार पाळते.

*

फुगडीला पिल्लं व्हावीत ही माझी नाही, आण्णांची इच्छा. आण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरात आम्ही दोघंच उरलो, आणि मी दिवसभर लॅबमध्ये. फुगडी आली तेव्हा कुठे आण्णा घरात मोठ्याने बोलायला लागले. पेपर तिला वाचून दाखवतात. भाजीत मीठ जास्त झालं तर तक्रार तिच्याकडे करतात.

"कुत्र्याचं आयुष्य ते केवढं, मनाली," ते म्हणाले होते. "तिचं एक पिल्लू घरात राहिलं तर..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं, आणि मी विचारायचं टाळलं.

ते कारखान्यात सुतारकाम केलेले. मी राजरत्नबद्दल नुसतं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी प्लायवूड आणून पेटी ठोकायला बसले. पिल्लं आईच्या अंगाखाली चेंगरू नयेत म्हणून आत चारी बाजूंनी पट्टी बसवतात, हे राजरत्नने मला मेसेजवर सांगितलं होतं. आण्णांनी ती पट्टी तीन वेळा घासली.

पहिल्या रविवारी अंबरनाथच्या डॉक्टर मॅडमकडे आम्ही भेटलो. सरपंच पांढराशुभ्र, छाती काढून बसलेला, गावकीचा निकाल द्यायला आल्यासारखा. फुगडी त्याच्याभोवती दोन गिरक्या घेऊन सरळ राजरत्नच्या मांडीवर चढली.

"पसंत आहे वाटतं," मी म्हटलं.

"कोण?"

"सरपंच हो. दुसरं कोण?"

"नाही... ती माझ्या मांडीवर बसलीय म्हणून विचारलं."

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काही हरवलं नव्हतं.

हृदय चांगलं निघालं, डोळे चांगले निघाले, रक्त पुण्याला गेलं. जंताचं औषध, राहिलेली लस, वजनही बरोब्बर. गुडघे बघायला हाडांचे डॉक्टर गुरुवारी येत. बाहेर पडताना भुरभुर पाऊस होता. त्याच्याकडे एकच छत्री. ती त्याने दोन्ही कुत्र्यांवर धरली, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी भिजत रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेलो. कोपऱ्यावरच्या तीन पायऱ्या उतरताना फुगडीने मागचा डावा पाय क्षणभर उचलला, एक उडी मारली आणि पुन्हा चालू पडली. ती नेहमीच असं करायची. आम्ही तिला लाडाने "आमची नाचरी" म्हणायचो.

राजरत्न जरा थांबला. "गुरुवारी नक्की दाखवा हां," तो म्हणाला. "आणि मनाली... ते अहो-जाहो नको वाटतंय आता."

"मग दाखव म्हण ना."

"दाखव," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. मला ते फारच आवडलं.

*

गुरुवारी मी अर्धी रजा टाकून एकटीच गेले. डॉक्टरांनी फुगडीला टेबलावर उभं केलं, मागचा डावा पाय हातात घेतला, अंगठ्याने गुडघ्यावर हळूच दाबलं. टक्. मला ऐकू आलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"गुडघ्याची वाटी सरकते. ग्रेड दोन. चालताना मध्येच पाय उचलते ना?"

"ती... नाचरी आहे जरा."

"नाचत नाही ती. वाटी जागेवर बसवून घेते." ते चिडले नव्हते, त्यामुळे जास्तच लागलं. "आत्ता काळजीचं नाही. वजन वाढू देऊ नका, सोफ्यावरून उड्या नको. पण पिल्लं घेऊ नका हिची. हे पोरांमध्ये उतरतं."

त्यांनी तिथेच कागदावर लिहिलं, शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला. फुगडी माझी हनुवटी चाटत होती. तिला वाटलं असेल, आपण पास झालो.

घरी आले तर आण्णा पेटीला पॉलिश करत होते. मी कागद पर्समधून काढलाच नाही. संध्याकाळी राजरत्नचा मेसेज आला, "गुडघ्याचं काय झालं?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ना पिल्लांची आठवण झाली, ना डॉक्टरांची. एवढंच डोक्यात आलं, की 'नापास' लिहिलं की संपलं. सरपंचाला दुसरी मादी बघतील. त्याला अंबरनाथला यायचं कारण उरणार नाही, आणि मला दर अर्ध्या तासाने फोन बघायचं. मी लिहिलं, "रिपोर्ट अजून आला नाही. दोन दिवसांनी."

दिवसातून पन्नास वेळा खिडकीतून हेच वाक्य मी लोकांना सांगते. बोटांनी आपसूक टाइप केलं.

त्याची निळी खूण लगेच झाली. उत्तर यायला मात्र बराच वेळ लागला. "बरं. सावकाश कळव."

*

रविवारी त्याने मला मोरिवलीला बोलावलं. कारखान्यांच्या भिंतीला लागून जुनं गाव, आणि त्यात गयाबाईंचं कौलारू घर. ओट्यावर एक तांबूस पॉम पसरला होता. राजरत्नला बघून तो उठला... म्हणजे उठायला गेला. मागचे दोन्ही पाय आत वळलेले. तीन पावलं आला आणि बसला.

"हा टिल्लू," राजरत्न म्हणाला. त्याने टिल्लूला उचललं आणि मांडीवर घेऊन त्याचे पाय हळूहळू चोळायला, वाकवायला लागला. सवयीचा हात होता.

गयाबाई आतून पाणी घेऊन आल्या. "दर आयतवारी येतो बाय, पाऊस असो का पानी. औशद पन तोच आनतो." मग मला वरपासून खालपर्यंत बघून त्याला विचारलं, "ही कोन रं? तुजी बायको का?"

"नाही आजी!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मंग वरडता कशाला?" म्हणत त्या आत गेल्या.

तो बराच वेळ टिल्लूकडेच बघत बोलत होता. "माझी पहिली कुत्री होती, राणी. गोड होती. शेजाऱ्यांचा नर होता, तोही गोड. बास, एवढंच बघितलं आम्ही. चार पिल्लं झाली, तिघांचे गुडघे असे. हा त्यातलाच एक, आजींनी नेला. राणीलाच तो त्रास होता... पाय उचलून उडी मारायची. आम्ही हसायचो. व्हिडिओ काढायचो."

मी टिल्लूच्या वळलेल्या पायांकडे बघत राहिले.

"कोणी सांगितलं नव्हतं मला. पण मी विचारलं पण नव्हतं ना. टिल्लूला ऑपरेशन झेपणार नाही, वय झालं. म्हणून मग रविवार."

"तुझी चूक नव्हती," मी म्हटलं.

"माहीत नव्हतं तोपर्यंत नव्हती." त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत प्रश्न होता की नुसतीच माया, मला कळेना. "तुझा तो... रिपोर्ट आला?"

आत्ता सांग. आत्ताच सांग, मनाली. टिल्लूने माझ्या हातावर डोकं टेकवलं.

"नाही अजून," मी म्हणाले.

त्याने नुसती मान डोलावली. परतताना तो फार बोलला नाही. पण रस्त्यातल्या खड्ड्यात माझी चप्पल रुतली, तेव्हा वाकून ती त्याने काढून दिली, चिखल आपल्या रुमालाने पुसला आणि रुमाल खिशात ठेवला. असल्या माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे काय, ते मला त्या रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर कळलं.

मंगळवारी फुगडी हीटवर, म्हणजे माजावर आली. मी कळवलं नाही, पण आण्णांनी उत्साहाने कळवलं. आता त्यांच्याकडेही त्याचा नंबर होता. मेटिंगसाठी बारावा दिवस धरून, पुढच्याच्या पुढचा रविवार ठरला. रिवाजाप्रमाणे मादी नराच्या घरी जाते, म्हणून बेलवलीला, सकाळी दहा वाजता. "नक्की ये," त्याने लिहिलं. बाकी काही विचारलं नाही.

*

त्या रविवारी सकाळी आण्णांनी फुगडीला विंचरून गळ्यात नवा पट्टा घातला होता. पेटीत आईची जुनी मऊ साडी घडी करून ठेवली होती. ती साडी बघितली आणि मला राहवलं नाही. मी कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि भोकाड पसरलं. सव्वीस वर्षांची घोडी मी, पण अगदी भोकाड.

आण्णांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. कधीपासून लपवलंय, का लपवलंय, सगळं मी हुंदक्यांत सांगून टाकलं. ते फुगडीकडे बघत राहिले.

"मी तिला नाचरी म्हणायचो गं," ते म्हणाले. "दुखत असेल का तिला?"

"फार नाही, आण्णा. पण पिल्लांना..."

"नको. नको नको." त्यांनी पट्टा सोडला, तिला उचलून पेटीत साडीवर ठेवलं. "तिची पोरं कशाला हवीत? मला हीच पुरे. उंच सोफ्यावरून उडी मारण्यापेक्षा इथे झोपेल." मग माझ्याकडे वळले. "आणि तू? तू काय मेसेज करणार आहेस त्याला?"

"काय करू?"

"तोंडावर सांग. जा. फुगडी राहू दे माझ्याजवळ."

बेलवलीपर्यंत रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तो समोरच उभा होता, इस्त्रीचा निळा शर्ट घालून. मी तोंड उघडायच्या आत त्याने माझ्या पायांजवळ बघितलं, मग मागे जिन्यात बघितलं.

"फुगडी?"

"नाही आणली." मी कागद त्याच्यापुढे धरला. "ग्रेड दोन. डावा गुडघा. मला गुरुवारीच कळलं होतं, पहिल्याच. मी खोटं बोलले तुझ्याशी. दोनदा. टिल्लूला मांडीवर घेऊन बसला होतास, तरी बोलले. कारण... रिपोर्ट नापास म्हटलं की तू यायचा थांबला असतास. आता काय बोलायचं ते बोल."

त्याने कागद घेतला. वाचलाच नाही, नुसता घडी करून खिशात ठेवला. आणि दारातून बाजूला झाला.

घर शांत होतं. फारच शांत. दार उघडलं की आधी भुंकणारं कोणीच नव्हतं.

"सरपंच कुठेय?"

"मोरिवलीला. कालपासून गयाआजीकडे."

"पण आज तर..."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची आई बाहेर आली. हातात दोन बशा. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. कांदेपोहे. बशा टीपॉयवर ठेवून ती मला म्हणाली, "बस गं बाळा. कांदा यानेच चिरला, आणि सकाळपासून दहा वेळा पोहे झाले का विचारतोय." आणि हसू दाबत आत गेली.

मी एकदा पोह्यांकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"सरपंचाला कांदा चालत नाही ना," तो म्हणाला. "म्हणून पाठवला."

"तुला माहीत होतं!"

"गुडघ्याचा रिपोर्ट कुठे जात नाही, मनाली. पुण्याला नाही, मुंबईला नाही. डॉक्टर हाताने बघतात, तिथल्या तिथे सांगतात. तू 'दोन दिवसांनी' लिहिलंस तेव्हाच कळलं. खरं तर त्या तीन पायऱ्यांवर तिने उडी मारली, तेव्हाच."

मी तोंडावर हात ठेवला. अख्खं आयुष्य दुसऱ्यांचे रिपोर्ट देण्यात गेलं, आणि खोटं बोलताना आपल्याच खिडकीतलं वाक्य आणलं! मग शरमेच्या पाठोपाठ रागही आला, कारण मी तशीच आहे.

"म्हणजे इतके दिवस माझीच टेस्ट घेत होतास?"

"नाही." तो एकदम कळवळून म्हणाला. "मी सांगायला हवं होतं. मेटिंगचा दिवस नक्की करायची रक्ताची टेस्टसुद्धा मी तुला मुद्दाम सांगितली नाही, कारण काही करायचंच नव्हतं. पण मी बोललो असतो तर मलाही रविवार उरला नसता. मोरिवलीला नेलं, म्हटलं आता सांगशील... नाही सांगितलंस. मी पण घरी येऊन रात्रभर झोपलो नाही."

"आणि आज पण नसतं सांगितलं तर? फुगडीला घेऊनच आले असते तर?"

तो बशीतली लिंबाची फोड उगाचच सरकवत राहिला.

"तर पोहे खाल्ले असते आपण. तुम्हा दोघींना रिक्षापर्यंत सोडलं असतं." त्याचा आवाज खाली गेला. "आणि मग मी फोन केला नसता. कधीच."

मी खुर्चीत बसले. केवढ्याशा कागदावर काय काय टांगलेलं होतं, आणि मी ते पर्सच्या तळाशी लिपस्टिकखाली दाबून फिरत होते.

तो समोर येऊन बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ, पण लागू न देता.

"आण्णा?" त्याने विचारलं.

"त्यांनी फुगडीला पेटीत झोपवलं. म्हणाले, हीच पुरे."

"त्यांना विचारशील, पुढच्या रविवारी येऊ का? पायऱ्यांना उतार करून देतो तिच्यासाठी. प्लायवूड उरलं असेल ना?"

"उरलंय," मी म्हणाले, आणि मला पुन्हा रडू यायला लागलं, पण हे वेगळं होतं.

"आणि मनाली, आता काही कारण नाही. ना नर, ना मादी, ना टेस्ट. तरी मला यायचंय." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "मला तू आवडतेस. खूप. तुझं उत्तर... घाई नाही. दोन दिवसांनी सांगितलंस तरी..."

मी हात पुढे करून त्याचा हात धरला. त्याच्या बोटांना अजून कांद्याचा वास येत होता.

"हा रिपोर्ट कुठे पाठवत नाहीत, राजरत्न," मी म्हटलं. "तिथल्या तिथे सांगतात. हो."